दुहेरी टाक्याची सीट

"आधी कोरडं फडकं. मग घट्ट पिळलेलं ओलं. मग परत कोरडं. सावलीत वाळू द्यायचं. आणि साहेब, काही झालं तरी तेल नको. चामडं म्हणजे डोक्यावरचे केस नव्हेत!"

हा आवाज दौलत मिस्त्रींचा. मिस्त्री आता नाहीत, आणि हे शब्द त्यांनी उच्चारले त्याला पंचवीस वर्षे होत आली. पण गेले काही दिवस हेच शब्द माझ्या शिवणीशिवणीतून फिरत आहेत आणि मला स्वस्थ बसू देत नाहीत. सीटने स्वस्थ बसू नये, हे ऐकून हसू येईल तुम्हाला. पण मित्रांनो, माझी अवस्था खरोखर तशीच झाली आहे.

मी एका जुन्या मोटारगाडीतली चालकाची सीट. चामड्याची, मधाच्या रंगाची. शिवाजी पार्कजवळच्या एका इमारतीच्या आवारात, बदामाच्या झाडाखाली आमची गाडी उभी असते. आज रविवार, अजून नीट उजाडलेले नाही. उद्या सकाळी एक कारागीर येणार आहे. तो माझे चामडे सोलून काढील आणि वर काळे रेक्झिन ठोकील. फाटकाची कडी वाजली की मला वाटते, एक दिवस आधीच आला की काय! दूधवाला असतो. पेपरवाला असतो. मी पुन्हा कान देऊन बसते.

माझे कातडे मुळात एका म्हशीचे. तिने आयुष्यभर दूध दिले आणि गेल्यावरही कुणाच्या तरी उपयोगी पडली. हे सांगताना मी नेहमी जरा हळू बोलते. तिचे ऋण माझ्या अंगावर आहे.

मला घडवले दौलत मिस्त्रींनी. लालबागचे राहणारे. गिरणीत ते यंत्रांचे चामडी पट्टे शिवायचे. गिरणी बंद पडली, तेव्हा हातात दाभण तेवढा उरला. मग परळला एका चिंचोळ्या गाळ्यात ते गाड्यांच्या सीट शिवू लागले. माझी शेवटची कड शिवताना वीज गेली. मिस्त्री थांबले नाहीत, अंदाजाने शिवत राहिले. दिवे आले तेव्हा दिसले, की दाराकडच्या उजव्या कडेला एक टाका दुहेरी पडला आहे.

मिस्त्री ओशाळले. "उसवून देतो साहेब, पाच मिनिटांत."

साहेब म्हणजे माझे धनी, मनमोहनराव. त्यांनी त्या टाक्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "राहू द्या हो मिस्त्री. हजार गाड्यांत माझी सीट ओळखायची खूण झाली."

पुढची वीस-बावीस वर्षे माझी फार कौतुकाची गेली. सोम ते शनि माझगावची नोकरी, सणावारी गिरगावातले नातेवाईक, आणि दर रविवारी सकाळी माझे न्हाण. मनमोहनराव बनियन घालून खाली यायचे. मऊ ब्रशाने शिवणीतली धूळ काढायचे. साबणाचा एखाददुसरा थेंब टाकलेल्या पाण्यात फडके बुडवून, पिळून, हलक्या हाताने मला पुसायचे. मग सहा महिन्यांतून एकदा चामड्याचे मलम, तेही नखाएवढे. डॅशबोर्डवर, दारांच्या पट्ट्यांवर नुसते ओले-कोरडे फडके. पार्कात फेऱ्या मारणारे आजोबा थांबून विचारायचे, "नवीन घेतली का हो?" मनमोहनराव उत्तर द्यायचे नाहीत, फक्त माझ्या कडेवर थाप मारायचे.

त्यांच्या पत्नी उर्मिलाबाई मात्र मला कधी हात लावत नसत. त्यात माझ्यावर राग नव्हता बरे! त्यांचा नेमच तसा. पहाटे अंघोळ, तुळशीला पाणी, देवपूजा, जप. अंघोळीनंतर चामड्याला शिवायचे नाही, हे त्यांनी लग्न होऊन आल्यापासून पाळले होते. गाडीतून जायचे झाले, तर शेजारच्या सीटवर धुतलेली चादर अंथरायच्या आणि मग बसायच्या. मनमोहनराव म्हणायचे, "चाळीस वर्षं हिच्या शेजारी बसतोय, पण मध्ये एक चादर आहेच!" उर्मिलाबाई खिडकीबाहेर बघून हसायच्या.

तीन वर्षांपूर्वी मनमोहनरावांच्या डोळ्यांतला काचबिंदू बळावला. किल्ली त्यांच्या मुलाकडे, विहंगकडे गेली. विहंग वाईट नाही, पण घाईचा माणूस. ओली छत्री माझ्या पाठीला टेकवायचा. दुपारभर काचा बंद करून मला रणरणत्या उन्हात सोडायचा. डॅशबोर्डला चमक यावी म्हणून कसलासा फवारा मारायचा, त्याचे तुषार माझ्यावर उडायचे. समुद्राचे खारे वारे तर इथे बारा महिने. माझी कातडी ताठरली, बारीक भेगा पडल्या. पावसाळ्यात अंगावर पांढरी बुरशी आली.

ती बुरशी पाहून उर्मिलाबाईंचा जीव कळवळला. पण हात कसा लावणार? त्यांनी कामाला येणाऱ्या शेवंतीला सांगितले, "थोडं खोबरेल चोळ गं. लाकडी देव्हाऱ्याला चोळतो, तसं." मिस्त्री मला गाडीत बसवायला आवारात आले आणि तेल नको म्हणाले, तेव्हा त्या वर घरात जपाला बसल्या होत्या. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक!

शेवंतीने अर्धी वाटी तेल जिरवले. दोन दिवस मी आरशासारखी चमकले. मग तेल शिवणीत मुरले, धूळ चिकटली, काळेकुट्ट डाग पडले आणि वास सुटला. विहंगच्या नव्या पँटला मागे भला मोठा डाग पडला, तेव्हा त्याने कारागिराला फोन लावला.

काल संध्याकाळी सगळे खाली जमले. मनमोहनरावांना आता उजेड-अंधार एवढेच कळते. पण शनिवारी संध्याकाळी ते अर्धा तास माझ्यावर येऊन बसतात. गाडी चालू करत नाहीत. नुसते चाकावर हात ठेवून बसतात.

"बाबा, सोमवारी माणूस येतोय," विहंग म्हणाला. "ऑफिसात मला विचारतात, भजीची गाडी टाकलीस का म्हणून!"

मनमोहनरावांचा हात माझ्या कडेवरून सरकत होता. चिकट डागापाशी थांबला. "इथे काय झालंय?"

शेवंती पदर चाचपत उभी होती. मग उर्मिलाबाई हळूच म्हणाल्या, "अहो, माझी चूक. मीच शेवंतीला तेल लावायला सांगितलं."

"अस्सं!" मनमोहनराव हसले. "इतकी मालिश तर शेवंतीनं तिच्या नातवालासुद्धा केली नसेल."

"सायबांनू, मी आपली पोराची टाळू भरतत, तशी तेलान भरलंय," शेवंती पुटपुटली, आणि विहंगलाही हसू आवरले नाही.

मग त्यांचा हात पुढे सरकला. दाराकडची उजवी कड. अंगठा अडला. सापडला, दुहेरी टाका! त्यांचा चेहरा एकदम सैल झाला.

"विहंग, तुला सांगू का? सकाळी उठलो की मी कुठे आहे, हे मला आधी शोधावं लागतं. पलंगाची कड, भिंत, दार... सगळं चाचपत. इथे बसलो आणि हा टाका लागला, की शोधणं थांबतं. रेक्झिन घालायचं तर घाल. पण मग मी कुणाच्या गाडीत बसलोय, हे मला कसं कळणार रे?"

विहंगने वाकून तो टाका बघितला. मग म्हणाला, "पण बाबा, हे असं ठेवायचं तरी कसं? रोज कोण करणार?"

"मी करीन," उर्मिलाबाई म्हणाल्या.

बदामाचे एक पान टपकन टपावर पडले.

"आई, तू? चामड्याला?"

"शब्द दिला म्हणजे दिला."

"बरं. उद्याचा दिवस तुझा. संध्याकाळपर्यंत चिकटपणा गेला, तर त्या माणसाला मीच नको म्हणून कळवतो. नाही गेला, तर बाबांनी हट्ट करायचा नाही."

"कबूल," मनमोहनराव म्हणाले. मग बायकोकडे तोंड करून त्यांनी मिस्त्रींचे शब्द जसेच्या तसे सांगितले. आधी कोरडे, मग पिळलेले ओले, मग परत कोरडे. या खेपेला मात्र पहिल्या कोरड्या फडक्यानंतर तेल शोषायला साधी अंगाची पावडर शिंपडायची आणि दोन-तीन तास तशीच राहू द्यायची. उर्मिलाबाई मंत्र घ्यावा तशा मान हलवत ऐकत होत्या.

पुरुषमाणसे वर गेल्यावर शेवंती कुजबुजली, "वैनी, मी करतंय मां! तुमी सोवळ्यातली माणसा. तुमी कशाक हात लावतास?"

"नको गं. दुसऱ्याच्या हातानं केलं, म्हणून तर बिघडलं."

"आनि तुमचो नेम?"

उर्मिलाबाईंनी पदर खोचला. "नेम अंघोळीनंतरचा आहे. अंघोळीच्या आधी मीसुद्धा पारोशीच की!"

रात्रभर माझा डोळा लागला नाही. त्यांना जमेल का? सकाळी उठल्यावर मन मागे सरेल का? इतक्या वर्षांची सवय हाताला अडवील का? मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखे कुणी तरी असेल. दप्तर असेल, चामडी पट्टा असेल, आजोबांची खुर्ची असेल. दसऱ्याला त्यांना झेंडूचे फूल वाहा, जरूर वाहा. पण बाकीच्या दिवशी दोन मिनिटे फडकेही फिरवा. ओले ठेवू नका, उन्हात टाकू नका, आणि ज्याला काय सोसते ते विचारल्याशिवाय त्याला काही चोपडू नका. आम्हाला बोलता येत नाही. आमच्यावर कुणाचा हात विसावतो, कुणाची ओळख आमच्यात शिवलेली असते, हे तुम्हीच जाणून घ्यायला हवे.

थांबा. जिन्यावर पाऊल वाजले.

ते कारागिराचे नाही. इतके हलके पाऊल या इमारतीत एकाच माणसाचे. उर्मिलाबाई आल्या आहेत. केस विंचरलेले नाहीत, कपाळावर कालचेच कुंकू, पुसट झालेले. हातात पावडरचा डबा, पाण्याची वाटी आणि मनमोहनरावांच्या जुन्या धोतराची तीन फडकी. काखेत चादर नाही.

त्यांनी दार उघडले. वाटी खाली ठेवली. उजव्या कडेवरून बोट फिरवत फिरवत त्यांनी दुहेरी टाका शोधला आणि त्यावर तळहात टेकवला. हात गरम होता.

"आधी कोरडं," त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि पहिले फडके हातात घेतले.