मानेवरची रेघ

आमच्या ह्यांना दिसत नव्हतं, हे ह्यांच्याखेरीज सगळ्या गल्लीला माहीत होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि धंदा न्हाव्याचा. "माझा हात बघतो, डोळ्यांचं काय काम?" असं म्हणायचे. मी काही बोलले की माझ्यावरच खेकसायचे. शेवटी एका सकाळी खुंटीवर टांगलेल्या कोटाला "या, बसा" म्हणाले, आणि कोट काही बसेना, तेव्हा कुठे दवाखान्यात यायला तयार झाले.

दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं एकामागून एक झाली, काही त्रास झाला नाही. शेवटची पट्टी निघाल्यावर माझ्याकडे टक लावून बघत विचारलं, "तू आजारी होतीस का?"

"नाही," मी म्हटलं, "माझा चेहराच असा आहे."

घरी आल्यावर कोपऱ्याकोपऱ्यातली जळमटं मला दाखवत फिरले. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण डोळ्यांचे थेंब संपले की हे दुकान उघडणार होते, आणि तिथे ह्यांना काय दिसेल ते मला चांगलं ठाऊक होतं.

झालं होतं असं. मोतीबिंदू पिकत चालला होता तेव्हाची गोष्ट. एकदा घड्याळवाला मागच्या दाराने स्वयंपाकघरात आला. "वहिनी, रागावू नका," म्हणाला आणि डोकं पुढे केलं. एक कल्ला कानाच्या वर, दुसरा कानाच्या खाली. मागून तर उंदराने कुरतडल्यासारखं.

"मग दुसरीकडे जा की," मी म्हटलं.

"कसा जाऊ? दारातून हाक मारतात. इतकी वर्षं त्यांच्याच हातात मान दिलीय."

मी त्याला पुढच्या वळणावर भाऊजींच्या दुकानात पाठवलं. भाऊजी म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ. दोघं पूर्वी एकाच दुकानात होते. भाऊजींनी केस कापायचं मशीन आणलं, तर हे म्हणाले, मेंढ्या भादरायच्या असतील तर रानात जा. शब्दाने शब्द वाढला. भाऊजींनी वेगळं दुकान थाटलं आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. सख्खे भाऊ, आणि भांडण कशावरून, तर मशीनवरून. मी दोघांपुढे हात टेकले होते.

भाऊजींनी घड्याळवाल्याचं डोकं सारखं करून दिलं, पैसे घेतले नाहीत, आणि मला निरोप धाडला, "दादाला कळू देऊ नका." मग पायंडाच पडला. केस आमच्याकडे कापायचे, जाताना ह्यांना "झकास" म्हणायचं, आणि वळणावर जाऊन नीट करून घ्यायचे. दाढीला मात्र कुणी बसत नव्हतं. जीव सगळ्यांनाच प्यारा असतो.

दुकान उघडलं त्या दिवशी घड्याळवालाच पहिला आला. मी आतल्या पडद्यामागे उभी होते. ह्यांनी त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं, मान पुढे वाकवली. कातरीचा आवाज काही येईना.

"ही रेघ कुणाची?" हे म्हणाले.

दोघा भावांना हा धंदा सासऱ्यांनी शिकवला. मानेवर केसांची कड हे सरळ घेतात, पट्टीने आखल्यासारखी. भाऊजींची मात्र गोल येते. सासऱ्यांनी बोटांवर मारून पाहिलं, तरी सरळ झाली नाही. डोकी नीट करताना भाऊजींनी बाकी सगळं ह्यांच्यासारखं ठेवलं, पण मानेवर आले की हात सवयीने वळायचाच.

बाकावर बेकरीवाला बसला होता. "जरा मागे वळा," हे त्याला म्हणाले. त्याचीही गोल. तिसरा आत येत होता, तो दारातूनच परत फिरला.

हे पडदा सारून आत आले. "माझी गिऱ्हाइकं पळवली त्याने. इथे बसून माझ्याशी गप्पा मारतात आणि डोकं देतात त्याच्या हातात. आत्ता जाऊन विचारतो."

गप्प बसले असते तर भाऊ चोर ठरला असता, आणि ते बोलणं जन्मात सुरू झालं नसतं. आणि बोलायचं तर काय? तुम्ही गल्लीभर डोकी बिघडवलीत आणि लोकांनी ती तुमच्यासाठी झाकली? ज्या माणसाला आपल्या हाताचाच काय तो अभिमान, त्याला हे कुठल्या तोंडाने सांगायचं? मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो.

"कुणी काही पळवलं नाही," मी म्हटलं. "तुम्ही वाकडंतिकडं कापत होता, ते भाऊजी नीट करत होते. फुकटात. मीच पाठवत होते सगळ्यांना."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"आणि तरी पुढल्या खेपेला माझ्याकडेच यायचे?"

"यायचे. अजून काय पाहिजे?"

हे मटकन खाली बसले. आपले हात पुढून बघितले, मागून बघितले. मग उठले, काळा चष्मा चढवला आणि चालू लागले. बाहेर गिऱ्हाइकं तशीच सोडली, घड्याळवाला तर गळ्यातल्या कापडासकट. मी मागोमाग पळाले. माझा काही भरवसा नव्हता ह्यांच्यावर.

भाऊजींचं दुकान रिकामं होतं. ह्यांना दारात बघून ते उभे राहिले. हे सरळ जाऊन खुर्चीत बसले आणि चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"काप," म्हणाले. "इतके दिवस बायकोने कापले. काय अवतार झालाय तो आत्ता दिसतोय."

हे मी तेवढ्यापुरतं ऐकून घेतलं.

भाऊजींनी कापड टाकलं. "दादा, डोळे मिट. केस जातील आत."

"नाही मिटत," हे म्हणाले. समोरच्या आरशात भाऊजींकडे बघत राहिले. "केस कधी पिकले रे तुझे?"

"झाली की बरीच वर्षं," भाऊजी म्हणाले. "रोज तुझ्या दारावरूनच जात होतो, दादा."