टेबलालाही मुळं निघाली

बाजारामागच्या हॉलमध्ये त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. स्टेजवर मूळमहाराज बसले होते आणि त्यांच्यापुढे पांढरीशुभ्र ताटली होती. महाराज चामखिळी मुळासकट उपटतात, तेही न कापता, अशी ख्याती. एका बाईच्या मनगटावर त्यांनी करडा लेप लावला, फुंकून वाळवला, अंगठ्याने खसाखसा चोळला, आणि ताटलीत बारीक काळपट धागे पडू लागले.

"ही सात पिढ्यांची मुळं," महाराज म्हणाले. "डॉक्टर नुसती पानं खुडतो. आम्ही खणून काढतो."

बाईची चामखीळ होती तिथेच होती. पण आता ती बिनमुळाची झाल्याने यथावकाश सुकणार होती, आणि तोवर सगळा हॉल ताटलीकडे बघत होता.

रांगेत एक बुकबाइंडर उभा होता. वीस वर्षं तो पुस्तकं बांधत होता आणि त्याच्या हातावर एकही चामखीळ नव्हती. त्याचं दुखणं चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी अंघोळ करताना त्याला लिंगावर तीन-चार बारीक गाठी दिसल्या, फुलकोबीच्या तुऱ्यासारख्या. दुखत नव्हत्या, पण वाढत होत्या. तेव्हापासून तो बायकोकडे पाठ करून झोपायचा आणि ती बिचारी आपलं काय चुकलं ते आठवत बसायची. दवाखान्याच्या दारापर्यंत तो दोनदा गेला होता. दोन्ही वेळा कुणीतरी ओळखीचं दिसलं आणि तो भाजी आणायला निघाल्यासारखा पुढे गेला. शेवटी दाढी करता करता न्हाव्याने महाराजांचे इतके गोडवे गायले की तो इथे येऊन उभा राहिला.

त्याची पाळी आल्यावर त्याने महाराजांच्या कानात सगळं सांगितलं. पूर्वज कोपले आहेत, ते म्हणाले, आणि लपल्या जागेची मुळं तळहातातून ओढता येतात. तळहात चोळला, मुळं पडली. सात दिवस लावायला म्हणून लेपाची डबीही मिळाली.

"आणि बेटा, डॉक्टरची नजर पडू देऊ नकोस. पडली की मूळ बायकोच्या अंगात शिरतं."

बाइंडरचा चेहरा पडला. स्वतःचं काय व्हायचं ते होवो, पण तिला काही होता कामा नये.

दुसऱ्या दिवशी दुकानात पुठ्ठ्यांना खळ लावता लावता त्याने रोजच्या सवयीने बोटं एकमेकांवर चोळली. समोरच्या कोऱ्या कागदावर काळपट वळ्या पडल्या. वाळलेली खळ आणि बोटांचा मळ. या वळ्या तो वीस वर्षं झटकत आला होता, आज पहिल्यांदा बघत राहिला. मग त्याने डबी उघडून हुंगली. शिळी, आंबूस, गव्हाच्या पिठाची खळ, रंगाला थोडी काजळी. हा वास तर त्याने झोपेतही ओळखला असता. त्याने लेप टेबलावर फासला, वाळू दिला आणि चोळला. टेबलालाही मुळं निघाली. टेबलाचे कोणते पूर्वज कोपले होते ते महाराजच जाणोत.

तो पोट धरून हसला, मग डबी बंद करून विचार करू लागला. मुळं खोटी म्हणजे धमकीही खोटी. पण आपला आजार खराच होता, आणि तो तिला आधीच लागला असेल तर?

घरी जाऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं. कुणाकडून आणलंत, एवढंच तिने विचारलं. लग्नाआधीच्या एका संबंधाची गोष्ट त्याने मान खाली घालून सांगितली. तिने उठून दाराचं कुलूप हातात घेतलं.

"चपला घाला," ती म्हणाली. "दोघंही जाऊ."

डॉक्टरीणबाईंनी दिव्याखाली दोन मिनिटं पाहिलं आणि निदान सांगितलं. गुप्तांगावरच्या चामखिळी. विषाणूमुळे होतात, शरीरसंबंधातून पसरतात, आणि पुष्कळांना होतात. विषाणू कधी वर्षानुवर्षं गप्प बसतो, तेव्हा तो कुणाकडून आला यावर भांडू नका, म्हणाल्या. काहींना लावायचं औषध देतात, काहींच्या जाळतात, याच्या त्यांनी गोठवायच्या ठरवल्या. पुन्हा उगवल्या तर पुन्हा या, हातावरच्या चामखिळीचं औषध तिथे लावू नका, बऱ्या होईपर्यंत संबंध नको आणि पुढे निरोध वापरा, त्याने धोका कमी होतो. बायकोला त्यांनी तपासलं. तिला गाठ नव्हती. या चामखिळींचा विषाणू सहसा कॅन्सर करत नाही, तरी गर्भाशयाच्या मुखाची नेहमीची तपासणी चुकवू नका, असं त्यांनी तिला बजावलं. बाहेर आल्यावर बाइंडरला दोन महिन्यांनी पहिल्यांदा भूक लागली.

महाराजांच्या पुढच्या बैठकीला तो खळीचा डबा घेऊन गेला. भर हॉलमध्ये त्याने महाराजांच्याच खुर्चीच्या हाताला खळ फासली, वाळल्यावर चोळली, आणि ताटली खाली धरली. खुर्चीची मुळं पडताना बघून लोक हसू लागले.

"तुला चामखीळ होतीच कुठे?" महाराज ओरडले. "दाखव सगळ्यांना."

बाइंडरचे कान लाल झाले. त्याने पहिल्या रांगेत बसलेल्या बायकोकडे पाहिलं. तिने होकारार्थी मान हलवली.

"इथे दाखवायची ती जागा नाही," तो म्हणाला. "डॉक्टरांना दाखवली. दोन मिनिटं लाज वाटली. त्याआधी दोन महिने मी भीतीत काढले होते. तुमच्यापैकी कुणाला तिथे गाठ दिसली तर लपवू नका, आणि मनानेच निदानही करू नका. दरवेळी ती चामखीळच असते असं नाही. डॉक्टरांना बघू द्या, आणि जोडीदारालाही सांगा."

कुणी हसलं नाही. महाराज ताटली पिशवीत कोंबत होते.

दाराशी न्हाव्याने त्याला बाजूला घेतलं. आजूबाजूला बघत, अगदी हळू आवाजात त्याने विचारलं, दवाखाना किती वाजता उघडतो? बाइंडरने वेळ सांगितली. कुणासाठी ते विचारलं नाही.