पदव्या सांभाळणारी फाइल

मित्रांनो, मी एक जुनी पुठ्ठ्याची फाइल आहे. माझे कोपरे झिजलेत, नाडी दोनदा बदललीय. पण माझ्या पोटातल्या कागदांमुळे मी आजही ताठ मानेने बोलते.

एका छोट्या कारखान्यात मला कापलं, चिकटवलं, वाळवलं. दुकानातून मला एका तरुणीने घेतलं. ती कॉलेजमध्ये भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. तेव्हा माझ्यात एकच कागद होता, तिच्या बी.एस्सी.चा.

एकदा सर आजारी पडले. मुलं नुसतीच बसली होती, म्हणून तिने प्रिझम उचललं आणि प्रकाश कसा वळतो ते समजावलं. तास संपला तरी कुणी जागचं हलेना. प्राचार्य दारात उभे राहून ऐकत होते.

"शिकवता झकास," ते म्हणाले, "पण कॉलेजात शिकवायचं तर एम.एस्सी. हवी, वर पात्रता परीक्षा. त्याशिवाय मला काही करता येणार नाही."

"मग करते की!" ती म्हणाली.

तिची लेक तेव्हा दोन वर्षांची होती. नोकरी सांभाळून ती एम.एस्सी. झाली, तीही पहिल्या वर्गात! तो कागद माझ्यात ठेवण्याआधी तिने दोनदा हात पुसले. मला केवढा अभिमान वाटला!

पात्रता परीक्षेने मात्र नाकी नऊ आणले. दोनदा नापास झाल्यावर तिने मला कपाटावर भिरकावलं. वर्षभर मी तिथे धूळ खात पडले.

मला खाली काढलं ते तिच्या सासूबाईंनी, स्टुलावर चढून.

"सूनबाई, मला यातलं ओ की ठो कळत नाही," धूळ झटकत त्या म्हणाल्या. "पण पोरगी बाहुल्यांना ओळीत बसवून तुझ्यासारखं शिकवते. तिला काय सांगू, आईनं सोडून दिलं?"

दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा अभ्यासाला बसली आणि तिसऱ्या प्रयत्नात पास झाली.

मुलाखतीत माझा एकेक कागद टेबलावर मांडला गेला. एका परीक्षकाने तारखा पाहून विचारलं, "मधे एवढी वर्षं कशी गेली?"

"दोनदा नापास झाले, सर. म्हणून तर मुलं नेमकी कुठे अडतात ते मला ठाऊक आहे."

तिला नेमणूक मिळाली. शिकवता शिकवता तिने पीएच.डी.ही केली. आता माझी नाडी जेमतेम बांधता येते!

मित्रांनो, तुमच्याही घरात अशी एखादी फाइल असेल. तिला ओल लागू देऊ नका. आणि एखाद्या दुपारी ती उघडून घरच्यांना विचारा, "हा कागद कसा मिळवलात?" मग मात्र उठायची घाई करू नका.