पाच पिना आणि जावईबापू

१

आमच्या जुन्या टेपरेकॉर्डरच्या मागे एक गोल खोबण आहे. तिच्यात पाच पिनांचा प्लग बसतो आणि त्या पिनांचे आकडे ओळीने १, ४, २, ५, ३ असे आहेत. असे का, ते ज्याने ठरवलं त्याला विचारा. मीही त्याच आकड्यांनी सांगते आहे, कारण गेला आठवडाभर घरात दुसरं काही कानावर पडलेलं नाही.

सांगणारे भाचीचे यजमान. मी त्यांना जावईबापू म्हणते. म्हणजे, लिहिते. घशाच्या ऑपरेशनमध्ये माझी स्वरपेटी काढली, तेव्हापासून माझं बोलणं पाटीवर आहे. लग्न त्यानंतरचं, त्यामुळे माझा आवाज जावईबापूंनी कधी ऐकलेला नाही. माझ्याशी ते ओरडून बोलतात. ‘आवाज गेलाय, कान शाबूत आहेत’ असं एकदा मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं. त्यांनी वाचलं, मान डोलावली आणि शेजारी दचकतील एवढ्या मोठ्याने म्हणाले, अगदी बरोबर आहे मावशी.

४

मी नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. विंगेत उभं राहायचं आणि नट अडखळला की वाक्य पुरवायचं. नटांबद्दल माझं मत विचारू नका. कपडे राजाचे, डोक्यात भुसा. टाळ्या त्यांना पडत, आणि ज्या वाक्यावर पडत ते क्षणभर आधी माझ्या तोंडात असे. माझा आवाज चुकून पहिल्या रांगेत गेला, तर मात्र मला बोलणी. ऐकू न येणं ही माझी नोकरी होती.

माझा आवाज मोकळा सुटलेला असा एकाच जागी आहे, टेपच्या एका स्पूलवर. नव्या नटांच्या पाठांतरासाठी मी अख्खं नाटक, राजापासून पहारेकऱ्यापर्यंत सगळ्या भूमिका, नटांना द्यायच्या सूचनांसकट, एकटीने वाचून ठेवलं होतं. कंपनी बुडाली तेव्हा सगळ्यांनी पोशाख पळवले. मी मशीन आणि ते स्पूल उचललं.

मशीनचा स्वतःचा स्पीकर फाटलेला. कॉम्प्युटरला जोडून आवाज एकदा उतरवून घ्यावा, असं भाचीच्या मनात आलं. बाजारात असल्या वायरी करून देणारं दुकान आहे, असं ती म्हणाली. जावईबापू हसले. दुकानदाराला काय कळतं.

मग पार्सलं आली. सोन्याचा मुलामा दिलेल्या पिना. बागेच्या पाइपाएवढी जाड वायर. तारा जोडायची एक सोल्डरिंगची बंदूक, जिने पहिल्याच दिवशी जेवणाच्या टेबलावर काळा डाग पाडला. पार्सल घेऊन आलेल्या माणसाला त्यांनी दारातच उभं करून सांगितलं, की स्वस्त वायरीतून आवाज ‘थकून’ येतो. तो बिचारा दोन जिने चढून आला होता, त्याला थकण्याबद्दल जास्त माहिती असावी.

२

वायर तयार झाली. एका टोकाला पाच पिनांचा प्लग, दुसऱ्या टोकाला चार शेपट्या. दोन मशीनमधला आवाज बाहेर आणायला, दोन बाहेरचा आवाज मशीनमध्ये रेकॉर्ड करायला. स्पूल चढवलं, बटण दाबलं. चाकं फिरू लागली.

काही नाही.

जावईबापूंनी आवाज पूर्ण वाढवला. तरी काही नाही. त्यांचा चेहरा उजळला. खरखर बघा, म्हणाले, शून्य. एवढी स्वच्छ शांतता दुकानातल्या वायरीने मिळाली नसती. बराच वेळ आम्ही तिघं ती महागाची शांतता ऐकत बसलो.

मग त्यांनी निकाल दिला. टेप कोरी आहे. इतक्या वर्षांत उडून गेला असेल आवाज.

नाचता येईना, अंगण वाकडं. आणि अंगण म्हणजे मी.

नीट जोडलंयस ना, असं भाचीने हळूच विचारलं. त्यांनी प्रिंट काढलेला कागद तिच्यापुढे आपटला. चित्राबरहुकूम जोडलंय, हवं तर ताडून बघ. ती ताडू लागली. मीही वाकले. चित्रात पाच ठिपके, त्यांचे आकडे, आणि खाली बारीक अक्षरांत: समोरून पाहताना.

सोल्डर तर मागून करतात.

मला विजेतलं ओ की ठो कळत नाही. पण नटाचं डावं ते प्रेक्षकांचं उजवं, हे नव्या गाढवांना शिकवण्यात माझी उमर गेली. एकाला डावीकडच्या सिंहासनावर बस म्हटलं, तर तो उजवीकडच्या रंगवलेल्या खिडकीवर जाऊन आदळला होता. जावईबापूंचंही तेच झालं होतं. प्लगच्या पाठीमागे बसून त्यांनी समोरचं चित्र उतरवलं. मधली पिन दोन्हीकडून मधलीच, ती बरोबर लागली. बाकी सगळ्या उलट्या. मशीनमधला आवाज ज्या पिनांतून बाहेर पडतो, तिथे त्यांनी बाहेरचा आवाज आत घालायच्या तारा जोडल्या होत्या.

५

मी पाटी शोधेपर्यंत ते पुढच्या प्रयोगाला लागले. टेप कोरीच आहे ना, मग तिच्यावरच काहीतरी रेकॉर्ड करून मशीन तपासू. त्यांनी टेप पुन्हा सुरुवातीला आणली आणि लाल बटण दाबलं.

रेकॉर्डिंग सुरू झालं की मशीन आधी जुनं पुसतं आणि मग नवं उमटवतं. उलट्या वायरीतून नवं काही आत जाणार नव्हतं. जुनं मात्र पुसलं जाणार होतं. आपली खोटी बातमी ते स्वतःच्या बोटाने खरी करत होते, आणि वर शीळ वाजवत होते.

मी टेबलावर मूठ आपटली. ते ओरडले, एक मिनिट मावशी, चहा मग. मी पाटी त्यांच्या नाकापुढे धरली. त्यांनी ती हाताने बाजूला केली, कारण तिच्यामागे मशीनवरचा आवाजाचा काटा हलतोय का ते त्यांना दिसेना. मी ओरडायला तोंड उघडलं. ऑपरेशनात गळ्याला ठेवलेल्या भोकातून नुसती हवा गेली.

तेव्हा मी उठले आणि भिंतीतला प्लग उपटला.

३

‘मागून’ एवढंच मी लिहिलं. भाचीला आधी कळलं. तिने तो कागद उलटा करून खिडकीच्या काचेवर धरला. उन्हात पाचही आकडे पलीकडून दिसू लागले, फिरलेले. जावईबापूंनी थोडा वाद घातला, तो चित्र काढणाऱ्याशी. मग गुमान बंदूक तापवली.

पुन्हा स्पूल लावलं. आधी आली ती त्यांनी केलेली शांतता. ती संपेचना. भाची माझ्याकडे बघेना.

“इथे काय होतं गं मावशी?”

‘राजा,’ मी लिहिलं. ‘प्रवेशाची सगळी भाषणं.’ खाली लिहिलं, ‘फार बोलायचा.’ खडू मोडला, म्हणून अक्षर वाकडं आलं.

आणि शब्दाच्या अर्ध्यातून मी आले. जाडसर, किंचित नाकातली, कुणाची भीड नसलेली. भाचीने तोंडावर हात ठेवला.

प्रत्येक वाक्यानंतर मी नटाला म्हणता यावं म्हणून जागा सोडली होती. पहिली मोकळी जागा आली तशी जावईबापूंनी ती व्यापली. ऐका, पोत ऐका, ही त्या मुलाम्याची...

“मध्ये स्वतःचं काही घालू नका,” टेप म्हणाली. “मी म्हणेन तेवढंच म्हणायचं.”

त्यांची पाठ ताठ झाली.

“महाराज, दार आतून बंद आहे,” मी पहारेकऱ्याचं वाक्य म्हटलं आणि थांबले. चाकं फिरत राहिली. जागा मोठी होती. मी ती मंदबुद्धींसाठीच सोडलेली.

“महाराज,” जावईबापू खालच्या आवाजात म्हणाले, “दार बंद आहे.”

‘आतून’ खाल्लं. मी टेप मागे घेतली.