सुभेदार कँटीनच्या नऊ शाखा

पाय मोडला नसता तर हरणाबाई कराडात राहिलीच नसती. दिवाळी झाली की तिचा नवरा हरिबा मेंढरं घेऊन आटपाडीकडून निघायचा, कराडावरून पुढं घाट उतरून कोकणात जायचा, आणि घोड्यावर बिऱ्हाड लादून हरणाबाई त्याच्या मागं. दोन हजार पाच साली कोयनेच्या काठाला घोडं बुजलं आणि त्याच्या धक्क्यानं ती दगडावर आपटली. घोट्याचं हाड मोडलं. आता मैलोन्‌मैल चालणं विसरा, असं डॉक्टरांनी सांगितलं. नात्यातल्या एका बाईच्या खोलीवर तिला ठेवून हरिबा एकटाच मेंढरांमागं गेला.

प्लास्टर निघालं तशी ती कामाला बाहेर पडली. इंजिनिअरिंग कॉलेजच्या रस्त्याला नुकतीच एक नवी खानावळ निघाली होती. तिथं ती भांडी घासायला लागली. पण घासायला भांडीच नव्हती.

खानावळ लालासाहेबांची. फौजेत सव्वीस वर्षं जवानांच्या जेवणाचा लंगर सांभाळून ते सुभेदार होऊन परतले होते. पलटणीतली पद्धत त्यांनी जशीच्या तशी इथं आणली. खणांचं ताट आपण घ्यायचं, ओट्यापुढनं रांगेनं सरकायचं, पाहिजे त्या भाजीकडं बोट दाखवायचं आणि ताट घेऊन टेबलावर जायचं. वाढपी नाही, आग्रह नाही, उष्टं टाकणं नाही. बोर्डावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, ‘सुभेदार कँटीन’.

लोक दारात यायचे, बघायचे आणि हसून निघून जायचे. एक पागोटेवाला म्हातारा तर तोंडावरच म्हणाला, “आवं सुभेदार, पैसं आमीच द्यायचं, ताट आमीच उचलायचं, मग तुमी काय करणार?”

लालासाहेब महिनाभर ताठ बसून राहिले. आत डाळ आटत होती.

एका दुपारी हरणाबाई हात पुसत बाहेर आली. “सुभेदार, एक बोलू का?”

“बोला की.”

“तुमच्या भाकरी आत हुत्यात अन्‌ टोपलीत निजून भाईर येत्यात. मला तवा भाईर मांडू द्या. माणसाला थापणारा हात दिसला पायजे.”

“तुमाला येत्यात भाकरी?”

हरणाबाईला हसू आवरेना. “माळावर, वाऱ्यात, तीन दगडांवर केल्यात आजवर. हितं तर भिंती हायत!”

दुसऱ्या दिवशी रांगेच्या शेवटाला शेगडी मांडली गेली. ताट घेऊन माणूस पुढं आला की टम्म फुगलेली बाजरीची भाकरी तव्यावरनं थेट त्याच्या ताटात. आठवडाभरात कॉलेजची पोरं यायला लागली, मग त्यांचे मास्तर, मग बाजार समितीतले व्यापारी. तो पागोटेवाला म्हातारासुद्धा रांगेत दिसायला लागला. वर पुढच्या पोराला दटावायचा, “सरक की गड्या, भाकरी निवती!”

हरणाबाईच्या हाताला उसंत नव्हती, तशी तोंडालाही नव्हती. कुणाची परीक्षा आहे, कुणाच्या घरी लग्न ठरलंय, कुणाला ताप आहे, हे सगळं तिला ताटात भाकरी पडेपर्यंतच्या वेळात कळायचं. ताप असलेल्याला ती ठेचा घेऊ द्यायची नाही. मेंढरं परत आली की हरिबाही रांगेत उभा राहायचा. बायकोच्या हातची भाकरी पहिल्यांदा ताट धरून घेताना तो एवढा लाजला, की लालासाहेबांनी तोंड फिरवून हसू लपवलं.

मग सातारा झालं, विटा झालं, सांगली, वाई, तासगाव, कोरेगाव, शिरवळ. शाखा निघायची ठरली, की महिनाभर आधी हरणाबाई एस्टीनं तिथं जायची आणि गावातल्याच बायका निवडायची. विट्याची क्रांती तिनं अशीच निवडली. ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती, “मावशी, भाकरी मला येती. रांगंसमोर हात थरथरत्यात.” हरणाबाईनं तिला तव्यापुढं बसवलं आणि स्वतः ताट घेऊन चाळीस वेळा रांगेतून फिरली. चाळिसाव्या फेरीला क्रांती वैतागून म्हणाली, “आता पुरं! जावा घरी!” त्या दिवसापासून तिचा हात थरथरला नाही.

नववी शाखा महाबळेश्वरची. तिथल्या पावसात पीठ असं सर्दायचं, की भाकरी थापायच्या आधी पीठ शेगडीशेजारी शेकत ठेवावं लागे. पर्यटक तव्याचे व्हिडिओ काढत. एवढ्या गोल भाकरी बघून एका बाईनं विचारलं, “मावशी, भाकरीचं मशीन कुठल्या कंपनीचं?” हरणाबाईनं दोन्ही तळहात तिच्यापुढं धरले. “आटपाडीचं!”

नऊ शाखा, दीडशे माणसं. लालासाहेबांचा मुलगा राजवर्धन पुण्यात हॉटेलचं शिक्षण घेऊन आला. पोरगा गुणी. बापासारखाच पहाटे उठणारा. त्याला एकच घोर होता. वाईची आमटी साताऱ्यासारखी लागत नाही, सांगलीचं पिठलं कराडच्यापेक्षा घट्ट. सगळीकडं एक चव पाहिजे म्हणून त्यानं शिरवळला एक मोठं स्वयंपाकघर बांधलं. तिथून गरम डबे भरून गाड्या सगळ्या शाखांना निघायच्या. भाकरीचं यंत्र आलं. हरणाबाईला यंत्रावर देखरेखीची बढती मिळाली. डोक्याला टोपी, हातात मोजे, छातीवर नावाची पट्टी.

यंत्रातली पहिली भाकरी राजवर्धननं तिच्यापुढं धरली. “मावशी, खरं सांगा.”

तिनं तुकडा मोडला, चावला. “राजबा, गोल झालीया, गुळगुळीत झालीया. पर ही भाकरी न्हाई, भाकरीचा फोटू हाय.”

तो कसनुसं हसला. यंत्र परत जाणार नव्हतं.

चव सगळीकडं एक झाली आणि गिऱ्हाईक एकेक करून कमी झालं. मोबाईलवर बोट दाबलं की जेवण घरी यायला लागलं. महामार्ग रुंद झाला, गाड्या न थांबता पुढं जायला लागल्या. त्यात लॉकडाऊन आलं. रांगेत उभं राहणं हाच गुन्हा झाला, तिथं ज्यांचा धंदाच रांगेचा त्यांनी काय करावं? कोरेगाव बंद झालं, मग वाई, मग महाबळेश्वर. राजवर्धन वाळून गेला. शिरवळच्या मोठ्या घरातली यंत्रं थंड पडली, त्या दिवशी तो हरणाबाईशेजारी पायरीवर बसला.

“मावशी, चूक माझी झाली का?”

“तुझी एकट्याची न्हाई. साथ काय तू आणलीस व्हय?” तिनं त्याच्या पाठीवर थाप मारली. “पर यंतर तूच आणलंस.”

कितीतरी दिवसांनी राजवर्धन मोठ्यानं हसला.

साताऱ्याची शाखा आवरताना लालासाहेबांनी सामान भंगारात काढायला सांगितलं. हरणाबाई दारात आडवी उभी राहिली. “तवा, शेगड्या, ताटं भंगारात जायाची न्हाईत. ज्या बायकांनी हितं काम केलं त्यांना द्या. त्या त्यावर पोट भरतील.”

लालासाहेबांनी रिकाम्या ओट्यावरनं हात फिरवला. मग फौजी आवाजात म्हणाले, “मंजूर!” तिथून पुढं जी शाखा मिटली तिचं सामान तिथल्याच बायकांकडं गेलं. तासगावच्या चौघींनी शाळेजवळ पोळी-भाजी केंद्र काढलं, सांगलीच्या दोघी लग्नाच्या ऑर्डरी घ्यायला लागल्या, विट्याचा तवा क्रांतीनं नेला. शेवटी कराडही मिटलं. लालासाहेबांनी स्वतः शिडीवर चढून बोर्ड उतरवला. सून खालून ओरडत होती, “आवं मामा, वय बघा तुमचं!” शिडी धरून राजवर्धन हसत होता आणि डोळेही पुसत होता.

हरणाबाई एकसष्ट वर्षांची झाली होती. हरिबानंही मेंढरं पुतण्याच्या हवाली केली होती. दोघं गावी जाऊन चार महिने बसली, आणि पाचव्या महिन्यात विट्याहून क्रांतीचा फोन आला. “मावशी, जुन्या एस्टी स्टँडजवळ गाळा घेतलाय. एकटीला झेपत न्हाई. भागीत येता?”

“हरिबाला ताटं धुवायला लावशील तर येते.”

गाळा उघडला त्या दिवशी लालासाहेब आणि राजवर्धन कराडहून गाडीनं आले. ओट्यावर आमटी, वांगं, ठेचा आणि तवा. एवढंच. हरिबा बाहेर बाया-बापड्यांना पाणी देत होता. दीड वाजता आमटीचा तळ दिसला आणि क्रांतीनं उरलेल्यांना उद्या या म्हणून सांगितलं. ती माणसं खरंच उद्या यायचं ठरवून गेली.

लालासाहेबांचे डोळे चमकले. “हरणाबाई, हे चालतंय बघा! आटपाडीत जागा बघू का? मग पंढरपूर रोडला एक...”

“बाबा,” राजवर्धन म्हणाला.

“न्हाई, नुसतं म्हणतोय मी.”

हरणाबाईनं शेवटची भाकरी त्यांच्या ताटात टाकली आणि पदरानं कपाळ पुसलं. “सुभेदार, आता एकच. मला समदी गिऱ्हाईकं तोंडानं वळखायची हायत. जेवा आता, अन्‌ ठेचा बेतानं घ्या. तुमाला बीपी हाय.”