नळीखालचा शिक्का

संग्रहालयातल्या बंदूकतज्ज्ञाला सगळे ‘पारखी’ म्हणत, आणि तोही खुशाल म्हणवून घेई. जुनी ठासणीची बंदूक हातात आली की दोन मिनिटांत गाव, कारखाना, साल सांगून गडी मोकळा. सहा वर्षांपूर्वी एका शिक्षिकेने घरची बंदूक संग्रहालयाला दिली, तेव्हाही त्याने तेच केलं. सोबत तिचे म्हातारे वडील होते.

“माझ्या आजोबांनी घडवलीय,” म्हातारा म्हणाला. “नळी उचलून बघा, खाली विळ्याचा शिक्का असेल.”

पारख्याने चापाच्या पट्टीवर कोरलेलं मोठ्या कारखान्याचं नाव दाखवलं. “आजोबांनी फार तर तेलपाणी केलं असेल हिचं!” चार लोक हसले. शिक्षिकाही हसली, ओशाळून. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय!

आज गंज काढायला त्याने पहिल्यांदाच नळी दस्त्यापासून सुटी केली. खाली विळा होता, चांगला ठसठशीत. लहान गावचे कारागीर चाप कारखान्यातून तयार आणत, नळी स्वतः घडवत आणि आपली खूण नळीखाली मारत, हे तर तो नवख्यांना शिकवत असे. नळी सोडवायला दोन पाचरी काढायच्या, त्यात कसली आलीय मेहनत!

संग्रहालयात बंदुकीखाली लावलेली कारखान्याच्या नावाची पाटी गुपचूप बदलता आली असती. तो विचार मनात येऊन गेला, आणि त्याचीच त्याला जास्त लाज वाटली. संध्याकाळी तो पत्ता विचारत शिक्षिकेच्या घरी पोचला.

दारातच त्याने सगळं सांगून टाकलं. शिक्षिका पांढरीफटक पडली.

“तेव्हा बाबांशी भांडले हो मी. म्हटलं, चारचौघांत माझं नाक कापलंत, आता पुन्हा ही बढाई नको. त्यानंतर त्यांनी आजोबांचं नावच काढलं नाही.” तिने आतल्या खोलीकडे बोट केलं. “तुम्हीच सांगा. मला नाही जमायचं.”

म्हातारा खाटेवर बसून होता. पारख्याने शिक्क्याचं सांगितलं, माफी मागितली.

“तेव्हा का नाही बघितलंत?”

एक भारदस्त कारण ओठांवर आलं होतं, ते त्याने गिळलं. “कंटाळा केला,” तो मान खाली घालून म्हणाला. “आणि वाटलं, तुम्हाला काय कळतंय.”

म्हातारा त्याच्याकडे बघतच नव्हता. तो दाराकडे बघत होता.

“ऐकलंस का गं?” त्याने लेकीला विचारलं.

ती उंबऱ्यातच रडायला लागली, आणि पारख्याला कुठे बघावं कळेना.