पुढच्या वर्षीचा बूट

मी एक जुना डावा बूट आहे. जुना म्हणजे किती, हे सांगताना माझा नेहमी गोंधळ उडतो, कारण आयुष्याचा बराचसा काळ मी नवाच होतो. हे कसं, ते कळायला तुम्हाला माझ्या मालकांची ओळख करून घ्यावी लागेल, मित्रांनो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. वरचा भाग चामड्याचा, आत मऊ अस्तर, घोट्याभोवती गादी आणि खाली जाडजूड तळ. या तळावर लक्ष ठेवा, पुढची सगळी भानगड त्याचीच आहे. जमिनीला टेकणारा थर रबराचा होता, पण त्याच्या वर फेसासारखा हलका थर होता, बारीक बुडबुड्यांनी भरलेला. चालताना पावलाला धक्के बसू नयेत म्हणून ही सोय. माझा जुळा भाऊ उजवा माझ्याबरोबरच तयार झाला. तो स्वभावाने जरा तक्रारखोर आहे. एकाच खोक्यात उलटसुलट झोपून आम्ही दुकानात आलो.

एके दिवशी दुकानात एक जोडपं आलं. नुकतंच लग्न झालेलं. तो एका इस्पितळात औषधांचं भांडार सांभाळायचा. तिने केस कापण्याचं छोटंसं दुकान थाटलं होतं. दोघांना वर्षावनात फिरायला जायचं होतं. वर्षावन म्हणजे जिथे वर्षभर पाऊस पडतो, असं घनदाट जंगल. तिने पर्समधून कॅलेंडरचं कापलेलं चित्र काढून दुकानदारापुढे धरलं. चित्रात उंच झाडांच्या शेंड्यांना बांधलेला एक झुलता पूल होता आणि पुलाच्या खाली ढग होते.

"या पुलावर चालायचंय," ती म्हणाली. "यांना न घसरणारे बूट द्या. हे घरातल्या फरशीवरसुद्धा घसरतात."

"एकदाच घसरलो होतो," तो म्हणाला.

"माझ्या आईच्या अंगावर," ती म्हणाली.

अशा रीतीने आम्ही त्यांच्या घरी आलो. आता उद्या-परवा जंगल, असं मला वाटत होतं. पण त्या महिन्यात इस्पितळात मालाची तपासणी निघाली आणि मालक म्हणाले, "पुढच्या वर्षी जाऊ." आम्हाला त्यांनी खोक्यात घातलं, खोकं पिशवीत घातलं आणि पिशवी माळ्यावर ठेवली.

मित्रांनो, माझे मालक वाईट नव्हते. त्यांना वस्तू जपायची फार आवड होती, इतकंच. घरातले चांगले कप काचेच्या कपाटात बसून वर्षानुवर्षं चहाचा वास तेवढा घेत होते. सोफ्याला खोळ होती आणि खोळ मळू नये म्हणून तिच्यावर चादर होती. गंमत अशी, की इस्पितळात मालकांचं कामच होतं मुदती बघण्याचं. कुठल्या बाटलीची मुदत कधी संपते, हे त्यांना तोंडपाठ असे. जुनं आधी वापरा, नवं मागे लावा, असं ते सगळ्यांना बजावत. घरी मात्र कशाचीच मुदत संपत नाही, अशी त्यांची खात्री होती.

वर्षातून एकदा ते आम्हाला खाली काढत. मऊ फडक्याने पुसत, चामड्याला पॉलिश लावत, उजेडात धरून बघत.

"बघ, काल घेतल्यासारखे आहेत."

"मग घाला की एकदा पायात," मालकीणबाई म्हणत. "कोपऱ्यावर जाऊन भाजी तरी आणा."

"अगं, भाजीसाठी का घेतलेत हे? मग तिकडे काय घालू?"

"तिकडे कधी?"

"जाऊ की पुढच्या वर्षी."

इतकं कौतुक क्वचितच कुठल्या बुटाच्या वाट्याला आलं असेल. मी फुगून जात असे. उजवा मात्र अंधारात कुरकुरायचा, "आपल्याला बूट म्हणून आणलंय की देव म्हणून?" आमच्या खोक्यात ओलावा शोषणारी एक पुडी होती. तिचं पोट पहिल्याच पावसाळ्यात भरलं. पुढे ती नुसतीच पाहुण्यासारखी बसून राहिली. हवेतला ओलावा मग आमच्याकडे वळला. फेसाच्या त्या थरात शिरून त्याने आतून एकेका बुडबुड्याची भिंत पोखरायला सुरुवात केली. रोज चालणाऱ्या बुटाचा तळ दाबला जातो, सुटतो, त्याला वारा लागतो. आम्ही तर जागचे हललोही नव्हतो. बाहेरून आम्ही चकचकीत आणि आतून खारी बिस्किटासारखे झालो होतो. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मालक पॉलिश वरूनच लावत.

मालकीणबाईंच्या दुकानात आरशाच्या कडेला ते पुलाचं चित्र चिकटवलेलं होतं, असं मला पुढे कळलं. केस कापून घेताना गिऱ्हाइकं विचारत, "जाऊन आलात का?" आणि त्या कात्री चालवत म्हणत, "मान खाली करा." चित्रातली झाडं हळूहळू निळी पडली. मालक निवृत्त झाले, तरी ते पुढच्या वर्षीच जाणार होते.

मग एका सकाळी माझ्या कानावर खालचं बोलणं पडलं.

"तिकिटं काढलीत मी. पुढच्या मंगळवारची."

"न विचारता?"

"विचारूनच इतकी वर्षं गेली ना."

"रद्द करता येतील की."

"येतील. पण पैसे परत मिळणार नाहीत. मुद्दाम तसलीच घेतली."

मग शिडी लावल्याचा आवाज आला. मित्रांनो, त्या आवाजाने मला किती आनंद झाला, ते मी शब्दांत सांगू शकत नाही. उजवासुद्धा गप्प झाला.

जंगलाच्या कडेला एका लाकडी घरात आम्ही उतरलो. पहिले दोन दिवस पाऊस असा कोसळला, की पूल बंद होता. तिसरा दिवस शेवटचा होता, संध्याकाळी परतीचं विमान. सकाळी आभाळ जरा उघडलं आणि गाईड येऊन म्हणाली, "लगेच निघू. दुपारी पाऊस सुरू झाला की पुलाचं फाटक लावतात." ती चाळिशीची, कमी बोलणारी बाई होती. तिच्या पायांत ठिगळं लावलेले गमबूट होते. मी माझ्या चकाकीच्या तोऱ्यात त्यांच्याकडे बघितलं.

"नवे का?" एका गमबुटाने विचारलं.

"अगदी," मी म्हणालो.

"आम्ही रोजचे," तो म्हणाला आणि चिखलात पचकन उतरला.

जंगल आत शिरताच अंधारलं. पाऊस थांबलेला होता, पण झाडांना ते कोणी कळवलं नव्हतं. वरच्या पानांवरचं पाणी खालच्या पानांवर, तिथून आमच्यावर ठिबकतच होतं. तिथली पानं टोकाला निमुळती असतात, पाणी चटकन ओघळून जावं म्हणून. झाडांची मुळं भिंतींसारखी जमिनीवर उभी होती. मालकीणबाई प्रत्येक मुळाला हात लावून बघत होत्या. मालक मात्र जुना, खांद्यावर फाटलेला रेनकोट घालून भिजत होते. नवा रेनकोट त्यांच्या पाठीवरच्या पिशवीत होता, पाकिटासकट.

"अहो, तो नवा काढा ना."

"हा काय पाऊस आहे? मोठा आला तर असू दे."

"आणि हे काय पडतंय डोक्यावर?"

"हे झाडांचं आहे."

जळवांनाही मालकच आवडले. आपण श्वास सोडतो तो आणि अंगाची ऊब जळवांना लांबूनच समजते, आणि मालक चढावर जोरजोरात श्वास सोडत होते. माझ्या नाडीच्या भोकातून एक जळू आत डोकावली, तेव्हा मला गुदगुल्या झाल्या. मालक उड्या मारायला लागले.

"ओढू नका काका," गाईड म्हणाली. "नख आडवं सरकवा, सुटेल."

"हिला एकही नाही लागली," मालक म्हणाले.

"मला कोण चावायला धजतंय?" मालकीणबाई म्हणाल्या. "दुकानात वस्तरा घेऊन उभी असते मी."

या उड्यांमध्येच ते घडलं. आधी उजव्याच्या टाचेतून वाळूसारखं काहीतरी गळालं. मग चिखलाने त्याचा तळ धरून ठेवला आणि मालकांनी पाय उचलला. पाय वर आला, तळ चिखलातच राहिला, दुधावरून साय निघावी तसा. मालक थांबले. दुसऱ्या पायावर भार टाकला. मित्रांनो, तो दुसरा म्हणजे मी. माझ्या पोटात काहीतरी चुरगळलं आणि पुढच्याच क्षणी माझं अर्धं अंग माझ्यापासून वेगळं होऊन लोंबायला लागलं.

मालकांनी वाकून एक तुकडा उचलला. तो बोटांत भुगा झाला.

"नवे होते," ते म्हणाले. "एकदासुद्धा घातले नव्हते गं."

"म्हणूनच," मालकीणबाई म्हणाल्या.

मुदत संपलेली बाटली हाती लागली की भांडारपालाचा चेहरा कसा होत असेल, ते मी त्या दिवशी पाहिलं. त्यांनी चिखलातून आमचे सगळे तुकडे वेचले. वर वाट आणखी चढणीची होती. दूर कुठेतरी आभाळ गुरगुरलं. गाईडने वर बघितलं.

"आता कसं करायचं?" मालक म्हणाले. "या घसरणीवर नुसत्या चामड्यावर कसं चढणार मी? असं करू, आता फिरू मागे. आपण पुढच्या वर्षी..."

वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. मालकीणबाई एका मुळावर जाऊन बसल्या. त्या भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी नुसता चष्मा काढला आणि पदराने काचा पुसत बसल्या, काचा स्वच्छ झाल्या तरीही. आरशाकडेचं ते निळं पडलेलं चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे असणार. पुन्हा एकदा त्यांना "मान खाली करा" म्हणावं लागणार होतं.

मालक त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पाठीवरची पिशवी उतरवली, नव्या रेनकोटचं पाकीट काढलं आणि ते फाडलं. इतक्या वर्षांत मी त्यांना कुठलंही पाकीट फाडताना पाहिलं नव्हतं. ते नेहमी कडेने हळूच उघडून घडी घालून ठेवत.

"कात्री आहे का गं तुझी?"

"ती काय घरी ठेवून येईन?"

"मग काप याच्या पट्ट्या. लांब काप."

मालकीणबाईंनी चष्मा लावला. "अहो, कोरा आहे."

"काप म्हणतो ना. त्याचाही भुगा होण्याआधी."

कात्री अशी सरसर चालली, की जंगलातले किडेही क्षणभर ओरडायचे थांबले असं मला वाटलं. माझा तळ माझ्याखाली धरून नारिंगी पट्ट्यांनी मला घोट्यापर्यंत आवळून बांधलं. वर केसांचे रबर लावले. गाईडनेही खिशातली सुतळी काढून एक गाठ मारली. अपघात विभागातून सुटलेल्या रोग्यांसारखे आम्ही दोघे दिसत होतो. आणि चाललो. चढलो. घसरलो तेव्हा मालकीणबाईंनी मालकांची कॉलर धरली. आम्ही फाटकापाशी पोचलो तेव्हा रखवालदाराच्या हातात कुलूप होतं.

"दोन माणसं," गाईड म्हणाली.

रखवालदाराने माझ्याकडे बघितलं. "आणि ते काय आहे?"

"बूट आहेत," मालक म्हणाले. "नवे."

त्याने कुलूप खिशात टाकलं. "पटकन या जाऊन."

पूल चित्रातल्यासारखाच होता, फक्त चित्रात तो हलत नव्हता. फळ्यांमधून मी खाली बघितलं. झाडांचे शेंडे आमच्या खाली होते, खरोखर आमच्या खाली, आणि त्यांच्यामधून पांढरी वाफ वर येत होती. आम्ही मध्यावर असताना पाऊस आला, अगदी मोठा, ज्याच्यासाठी नवा रेनकोट राखून ठेवला होता तो. मालक फाटक्या रेनकोटात नखशिखांत भिजले आणि हसायला लागले. मालकीणबाई दोरीला धरून उभ्या होत्या.

"फोटो काढू?" मालकांनी विचारलं.

"नको. आधी बघू दे."

परत आल्यावर एका चांभाराने आम्हाला नवे तळ लावले. "चामडं झकास आहे," तो म्हणाला. "पण आता वापरा, नाहीतर मला पुन्हा भेटाल." तेव्हापासून आम्ही रोज सकाळी भाजी आणायला जातो. माझ्या नाकावर ओरखडे आहेत, एकदा माझ्यावर ताकही सांडलं आहे. उजवा अजून तक्रार करतो, पण आता रस्त्यातल्या खड्ड्यांची करतो. काचेच्या कपाटातले कप बाहेर आलेत. त्यातला एक फुटलाही. मालकांनी तुकडे गोळा केले आणि उरलेल्यांत चहा ओतला.

तेव्हा मित्रांनो, घरी गेलात की एकदा माळ्यावर चढून बघा. तिथे माझ्यासारखा कोणी चकाकत बसला असेल, तर त्याला पुसून परत खोक्यात घालू नका. कोपऱ्यापर्यंत तरी फिरवून आणा. जपायला हरकत नाही, पण ते पायात घालूनही जपता येतं.

परवा मालकीणबाईंनी आरशाकडेचं जुनं चित्र काढून तिथे समुद्राचं एक नवं चित्र लावलं. मालकांनी ते चष्म्यातून नीट बघितलं.

"छान आहे," ते म्हणाले. "जाऊ की आपण पुढच्या..."

कात्री थांबली.

"...शनिवारी," मालक म्हणाले, आणि माझी नाडी बांधायला खाली वाकले.